तोंडात पाणी धरून

"नाव सांगा," अक्का म्हणाली.

ती खाटेवर मांडी घालून बसली होती. नाकावर आईचा चष्मा, मांडीवर माझं रसायनशास्त्राचं पुस्तक. मी समोर स्टुलावर, हात गुडघ्यांवर. खोलीचं दार तिने लोटून घेतलं होतं. साहेब लोक दार उघडं टाकून मुलाखत घेत नाहीत, असं तिचं म्हणणं.

मी ओठ मिटले. माझ्या नावाचं पहिलं अक्षर ओठ मिटल्याशिवाय निघत नाही, आणि माझे ओठ एकदा मिटले की उघडायचं विसरत. आवाज घशापर्यंत आला आणि तिथेच अडला. मान ताठ झाली. डोळे आपोआप जमिनीकडे वळले.

"पद्माकर बोंडे," अक्का म्हणाली.

मग आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. प्रश्न तिनेच विचारला होता आणि उत्तरही तिनेच दिलं होतं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाली की आता परत पहिल्यापासून. परत तसंच झालं. त्यानंतरच्या खेपेला तिने शब्द गिळला खरा, पण तिचे ओठ हलले, आणि ते हललेले मला दिसले. पलीकडून आईने विचारलं, झाली का रे मुलाखत, भाकरी गार होताहेत.

ही गोष्ट रावेरची, मी चोवीस वर्षांचा असतानाची. आता माझे केस पांढरे झालेत, पण त्या दिवसांतलं अक्काचं तोंड मला अजून जसंच्या तसं दिसतं.

मी बोलताना अडखळायचो. गावात मला सरळ तोतरा म्हणत, कधी मागे, कधी समोरही. लिहायला दिलं तर मी कोणाला ऐकत नसे, बी.एस्सी.ला पहिला वर्ग होता. पण कोणी तोंडाने विचारलं की संपलं. वडील रेल्वेत होते, ते मी शाळेत असतानाच गेले. घरात आई, अक्का आणि मी. अक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, बालवाडीत शिकवायची. तिचं नाव कुमुद. गाव तिला कुमुदताई म्हणे. मला 'त' जड जायचा, 'क' त्याहून जड, म्हणून मी लहानपणीच तिची अक्का करून टाकली. सुरुवातीला स्वर असला की माझं काम सोपं होई.

आणि माझं बाकीचं सगळं बोलणं तीच बोलायची. शाळेत पहिल्या दिवशी गुरुजींनी नाव विचारलं, ते तिने सांगितलं. वाण्याकडे काय हवं ते ती सांगे, एसटीत कंडक्टरला गाव ती सांगे. डॉक्टर माझ्या पोटावर हात ठेवून मला विचारत की कुठे दुखतंय, आणि अक्का म्हणे, बेंबीच्या डाव्या बाजूला. गंमत म्हणजे ते बरोबर असायचं. मला वाटे, प्रत्येकाला अशी एक बहीण असतेच; आपल्याला काय हवं ते आपल्याआधी तिला कळतं.

कॉलेज संपलं आणि नोकरीसाठी हिंडायची वेळ आली तेव्हा मात्र अक्का दाराबाहेर राहिली. पहिल्या मुलाखतीत मी नावावरच अडलो. समोरच्या गृहस्थांनी मला पाणी दिलं, फार मायेने म्हणाले, घाबरू नका, आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. दुसऱ्या ठिकाणी नाव त्यांनीच अर्जावरून वाचलं, मी मान हलवली. मग ते विचारत गेले, मी मान हलवत गेलो, आणि शेवटी त्यांनीही मान हलवली. त्यानंतर मी अर्ज करायचं सोडून दिलं होतं. हा तिसरा अर्ज अक्काने भरला, सहीपुरता मला पुढे बसवून. भुसावळच्या पलीकडे एक खाजगी डेअरी निघाली होती. तिथे प्रयोगशाळेत दूध तपासायला माणूस हवा होता. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि आमच्या मधल्या खोलीचं साहेबांचं ऑफिस झालं.

त्या पहिल्या दिवशी जेवताना अक्का भाकरीचे तुकडेच करत बसली. ताटातली भाजी तशीच राहिली. मग आईला म्हणाली, "तयारी त्याची नाही, माझीच कच्ची आहे."

दुसऱ्या दिवशी बालवाडीतून आली ती काहीतरी ठरवूनच. हातपाय धुतले, खाटेवर बसली, जवळ पाण्याचा तांब्या घेतला. "नाव सांगा," म्हणाली आणि लगेच तांब्या तोंडाला लावून मोठा घोट घेतला. गिळला नाही. गाल फुगवून, तोंडात पाणी धरून माझ्याकडे बघत बसली.

मला हसू आलं. माझं हसू बघून तिलाही आवरेना. सगळं पाणी नाकातोंडातून उडालं ते थेट माझ्या पुस्तकावर. आई धावत आली, आम्हा दोघांना बघून कपाळाला हात लावून परत गेली. पान वाळत घातलं आणि अक्काने पुन्हा घोट घेतला. या वेळी हसली नाही.

मी ओठ मिटले. अडलं. नेहमीप्रमाणे मी थांबलो, कोणीतरी ते शब्द उचलून नेईल म्हणून. कोणी उचलले नाहीत. पाणी तोंडात असल्यामुळे तिला काही बोलता येत नव्हतं, आणि मान वळवावी तर ती साहेब होती. ती बघत राहिली. तिच्या कपाळावर घाम आला. मी किती वेळ तसा बसलो कोण जाणे. बाहेर एक बैलगाडी आली आणि दूर निघूनही गेली. मग प सुटला, पाठोपाठ बाकीचं नाव घरंगळत आलं, फुटकं आणि वेडंवाकडं.

अक्काने पाणी गिळलं. शाबासकी दिली नाही. "पुढचा प्रश्न," म्हणाली, आणि पुस्तक उलटं धरलंय हे तिच्या लक्षातही आलं नाही.

मग रोज तेच. ती पुस्तकातून मला विचारी, दुधात पाणी घातलं तर लॅक्टोमीटर जास्त का बुडतो. फॅट काढायला आम्ल का घालतात. उत्तर बरोबर की चूक हे तिला कळत नसे. ती पुढ्यात पान उघडून एकेक शब्द ताडून बघे आणि तोवर तोंडातलं पाणी कोमट होऊन जाई. संध्याकाळी आम्ही घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, जाऊन बसायचो. तिथे तिने बालवाडीतली युक्ती काढली: दोघांनी एका सुरात पाढे म्हणायचे. कोणाच्या तरी बरोबरीने बोललं की मी अडखळत नसे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. एकोणिसाचा पाढा आम्ही दोघं मोठ्याने म्हणत होतो, आणि मधेच मला जाणवलं की एकच आवाज ऐकू येतोय. तो माझा होता. मी घाबरून थांबलो.

"थांबायला कोणी सांगितलं?" अक्काने शांतपणे विचारलं.

हे सगळं घरात. बाजारात ती काय करणार आहे, हे तिने मला सांगितलं नव्हतं. मुलाखतीसाठी शर्ट घ्यायला आम्ही दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. त्याने सवयीने अक्काकडे बघून विचारलं, काय दाखवू. अक्का वर बघायला लागली, जणू पंख्यासारखी वस्तू तिने जन्मात पाहिली नव्हती. दुकानदार माझ्याकडे वळला. मला पांढरा शर्ट हवा होता. म्हणजे पुन्हा प. तो बिचारा थोडा वेळ थांबला आणि मग मदतीला धावला: निळा का? आकाशी? लोकांची ही मदत मला पाठ होती. कोणी अंदाज केला की मी होकार द्यायचो आणि सुटायचो. माझ्या आयुष्यातल्या कितीतरी गोष्टी अशा दुसऱ्यांच्या अंदाजाने आलेल्या होत्या. दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी अक्काकडे पाहिलं. ती पंख्याकडे बघत होती. मी निळ्या शर्टावर बोट ठेवलं, पिशवी घेतली आणि तिची वाट न बघता घरी चालत आलो.

ती मागून आली तेव्हा मी तिच्यावर तुटून पडलो. रागात माझं बोलणं कधी अडत नाही. ही एक वेगळीच गंमत. मी म्हणालो की तिला माझी लाज वाटते. मी म्हणालो की लोकांनी हसावं म्हणूनच ती मला तिथे घेऊन गेली होती. आणखीही काय काय म्हणालो. आई मधे पडायला उठली, तर अक्काने तिला हाताने बसवलं आणि माझं सगळं संपेपर्यंत ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "भाऊ, बालवाडीतलं पोर अडखळलं तर मी तासभर थांबते. मला काही होत नाही. तुझं अडलं की ते माझ्याच घशात अडतं. ते मला सोसवत नाही, म्हणून मी बोलून टाकते. इतकी वर्षं तुला वाटलं असेल, मी तुझ्यासाठी बोलते. मी माझ्यासाठी बोलत होते रे."

ती आत गेली. थोड्या वेळाने मी पिशवी उचलली आणि दुकानाकडे परत निघालो. एकटाच. दुकानदाराने मला बघून निळा शर्ट परत घ्यायला हात पुढे केला आणि गुलाबी का, असं विचारलं. मी मान हलवली नाही. तो वाट बघत राहिला. त्याचं काम खोळंबलं होतं, मला कळत होतं. तरी मी पांढरा म्हणूनच थांबलो.

घरी आल्यावर अक्काने शर्ट उलगडून बघितला, शिवण तपासली आणि आईला इस्त्रीसाठी निखारे काढायला सांगितलं. दुकानाबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी ती बालवाडीतून रजा काढून माझ्याबरोबर आली. बसमध्ये कंडक्टर आला तेव्हा ती खिडकीबाहेर केळीचे बाग बघत होती. भुसावळला उतरून रिक्षाने डेअरीपर्यंत गेलो. रिक्षावाल्याला पत्ता मी सांगितला. त्याला दोनदा 'काय?' म्हणावं लागलं इतकंच. डेअरीच्या पडवीत बाकं टाकली होती. माझ्याशिवाय आणखी बरेच उमेदवार होते, एकमेकांशी फडाफडा बोलणारे. मला बोलावलं तेव्हा अक्काने माझी कॉलर सारखी केली आणि पर्समधली पाण्याची बाटली काढून मांडीवर ठेवली. ती बाटली मला द्यायला नव्हती, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

आत तीन माणसं होती. मधे मॅनेजर, टाय लावलेले. डावीकडे प्रयोगशाळेच्या प्रमुख, झोपे मॅडम. उजवीकडे टोपी घातलेले एक वयस्क संचालक, आसपासच्या एखाद्या गावचे शेतकरी असावेत.

मॅनेजरांनी नाव विचारलं.

मी ओठ मिटले आणि सगळं तसंच झालं, जसं दर वेळी होतं. इतक्या दिवसांच्या तयारीने त्यात तिळभर फरक पडला नव्हता. मान ताठ झाली, आवाज अडला. मॅडमनी मान वर केली. संचालक खाकरले. मॅनेजर चांगले गृहस्थ होते, त्यांनी पुढ्यातला अर्ज ओढला आणि हसून म्हणाले, "पद्माकर बोंडे. बरोबर ना?"

सुटण्याचं दार उघडं होतं. मान हलवायची, की पुढचा प्रश्न. मागच्या मुलाखतीत मी याच दारातून बाहेर पडलो होतो.

"मी सांगतो," मी म्हणालो.

मॅनेजरांचं हसू तसंच राहिलं, पण त्यांनी अर्जावरचा हात काढला. मी पुन्हा ओठ मिटले. एवढ्यात माझ्या लक्षात आलं की माझे डोळे खाली गेलेले नाहीत. मी त्यांच्याकडे बघत होतो. गेले कित्येक दिवस फुगलेल्या गालांच्या एका चेहऱ्याकडे बघत बघत मी अडलो होतो आणि त्या चेहऱ्याने काही नजर हटवली नव्हती. आता डोळ्यांना ती सवयच लागली होती. अडणं तेच होतं. फक्त मी त्यातून पळून जायला निघालो नव्हतो.

"पद्माकर सोनू बोंडे. राहणार रावेर."

मग बाकीचे प्रश्न आले. उत्तरं मला येत होती. ती यायला वेळ लागला, इतकंच. झोपे मॅडम पेन्सिल खाली ठेवून ऐकत होत्या. शेवटी मॅनेजरांनी जरा अवघडून विचारलं की मला हे नेहमीच होतं का. मी हो म्हणालो. ते म्हणाले, राग मानू नका, पण इथे लोकांशी गाठ असते. एखाद्याचं दूध नापास झालं की तो भांडायला उभा राहतो. त्याला तुम्ही काय सांगणार?

मी विचार केला आणि म्हणालो, "त्यांच्यासमोरच पुन्हा तपासून दाखवीन. मग बोलायला फारसं उरणार नाही."

हे वाक्य बाहेर यायला चांगलाच वेळ लागला. पण संपेपर्यंत कोणी मधे बोललं नाही. टोपीवाले संचालक मॅनेजरांकडे झुकून म्हणाले, "आमच्या गावात जो भराभर बोलतो त्याच्याच दुधात पाणी असतं साहेब." झोपे मॅडमना हसू आलं. मॅनेजर म्हणाले, कळवू.

बाहेर आलो तेव्हा अक्काच्या बाटलीतलं पाणी अर्ध्यावर आलेलं होतं. तिने नोकरीचं विचारलं नाही. एवढंच विचारलं, "नाव?"

"सांगितलं," मी म्हणालो. "त्यांनी आधी सांगितलं होतं. तरी मी सांगितलं."

तिने बाटलीचं झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं.

भुसावळच्या स्टँडवर बसला वेळ होता, म्हणून आम्ही कँटीनमध्ये बसलो. पोऱ्या टेबलाशी आला. कँटीनमध्ये मी नेहमी उसळ मागवायचो. आवडते म्हणून नव्हे. मिसळ म्हणायला गेलो की म वर अडायचो आणि उसळ सुटकन निघायची. त्या दिवशी मी मिसळ मागवली. पोऱ्या गेला आणि समोर बघतो तर अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचंही तिला भान नव्हतं.

मी म्हणालो की अजून नोकरी लागलेली नाही, आत्ताच कशाला. ती म्हणाली, ही नाही लागली तर दुसरी लागेल. मग पदराने तोंड पुसून तिने टेबलावरच्या पाण्याच्या ओघळात बोट फिरवलं आणि म्हणाली, "भाऊ, बऱ्हाणपूरच्या फिरक्यांना मी हो म्हणू का?"

मला काही कळेना. मग तिने थोडक्यात सांगितलं. बऱ्हाणपूरच्या डिगंबर फिरकेंचं स्थळ भास्करमामाने आणलं होतं. मोटार वाइंडिंगचं दुकान, घरी वडील, मोठा भाऊ, वहिनी. मामाच्या घरी दोघांची भेट झाली होती आणि दोघांनाही पसंत होतं. ही गोष्ट गेल्या वर्षीची. त्याआधीही स्थळं आली होती, ती तिने परस्पर मोडली होती. मी आणि सगळं गाव समजत होतो की कुमुदचं जमत नाही. तिचं जमत होतं. तीच जात नव्हती. या वेळी मात्र तिला नाही म्हणवेना, म्हणून तिने डिगंबररावांना सांगितलं की घरी माझं एक काम राहिलंय, ते होईपर्यंत थांबाल का. ते थांबले होते.

"मला सांगायचं ना," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तू माझ्या लग्नासाठी म्हणून बोलायला धडपडला असतास. मग आणखीनच अडलं असतं." तिने ओलं बोट पदराला पुसलं. "आणि तुझं झालं नसतं, तर तुला वाटलं असतं की अक्काचं लग्न आपल्यामुळे राहिलं. ते मी कसं होऊ देईन?"

मिसळ आली. आम्ही दोघांनीही ती फार तिखट असल्यासारखी खाल्ली; डोळे पुसत.

नोकरी लागली. झोपे मॅडमच्या हाताखाली मी लागलो आणि पुढे त्याच प्रयोगशाळेत म्हातारा झालो. ते सांगण्याची ही जागा नाही. सांगायचंय ते त्यानंतरच्या रविवारचं. मामा आणि मी लग्नाचं ठरवायला बऱ्हाणपूरला गेलो. गाडीत मामाने मला बजावलं होतं की बोलणं तो करेल, मी फक्त शेजारी बसायचं. माझीही हरकत नव्हती. पण एक गोष्ट माझ्या मनात होती आणि ती मी मामाला सांगितल्यावर त्याने कानावर हात ठेवले. मुलीकडच्यांनी पहिल्याच बैठकीत असल्या अटी घालायच्या नसतात, म्हणाला.

फिरक्यांच्या बैठकीत डिगंबररावांचे वडील, मोठे भाऊ आणि दाराशी स्वतः डिगंबरराव. सावळे, बुटके, बोटांना वॉर्निशचे डाग. तारखा, मानपान, किती माणसं येणार, हे सगळं मामाने झकास उरकलं. चहा झाला. वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, मुलीच्या भावाचं काही म्हणणं?

मामा म्हणाला, त्याचं काय असणार.

मी म्हणालो की आहे. आणि मला तिचं नाव घ्यावं लागणार होतं. तिथे अक्का कोण हे कोणाला ठाऊक? मी तोंड उघडलं आणि क वर अडलो. असा अडलो की पूर्वी कधी अडलो नसेन. चोवीस वर्षांत मी माझ्या बहिणीचं नाव कधी तोंडातून काढलंच नव्हतं. मोठे भाऊ कपबशीकडे बघायला लागले. वडील गोंधळले. मामाला राहवेना, तो पुढे सरकून म्हणाला, "त्याला म्हणायचंय की कुमु..."

डिगंबररावांनी दाराशी उभ्या उभ्या हात वर केला. मामाला अडवण्याइतकाच. "बोलू द्या त्यांना," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. मग ते आत आले, माझ्या समोर जमिनीवर बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. घाई नाही, कीव नाही. मला नेमकं काय म्हणायचंय ते त्यांना ऐकायचं होतं.

"कुमुद," मी म्हणालो, "आमच्याकडे बालवाडीत शिकवते. तिला ते आवडतं. इथे आल्यावर तिला पुन्हा तसं काम शोधू द्यावं. ती स्वतः मागणार नाही. म्हणून मी मागतो."

म्हाताऱ्या फिरक्यांनी दाढीवरून हात फिरवला. आमच्या घरात बायका नोकरी करत नाहीत, असं काहीतरी ते म्हणायला लागले होते. डिगंबररावांनी ते संपू दिलं आणि मग सांगितलं की दुकानाच्या मागच्या गल्लीत लहान मुलांची एक शाळा आहे, तिथल्या बाईंना ते उद्या विचारून येतील. पुढचं कुमुद बघेल. वडील मुलाकडे एकदा बघून आणखी चहा टाकायला सांगून मोकळे झाले.

मामा सावद्याला जायचा होता, तो रावेर स्टेशनातूनच पुढे गेला. मी एकटा घरी आलो. आई शेजारी गेली होती. अक्का स्टोव्हवर दूध तापवत उभी होती. तिने हातातली सांडशी खाली ठेवली, माझ्याकडे वळली आणि विचारलं, काय झालं.

तारीख ठरली, मी म्हणालो. घर चांगलं आहे. शाळेचंही बोललो. त्यावर तिने चमकून बघितलं, पण मधे बोलली नाही. मला तिला डिगंबररावांबद्दल सांगायचं होतं. सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं.

"अक्का, तो माणूस..." मी म्हणालो, आणि पुढच्या शब्दावर अडलो. 'थ' होता. जीभ दातांना लागली आणि तिथेच चिकटून राहिली.

तिच्या पाठीमागे दूध वर यायला लागलं होतं. तिला ते ऐकू येत असणार. साय फुगताना होणारा तो आवाज कोणत्या बाईला कळत नाही? तिने वळून बघितलं नाही. दूध काठाशी आलं, फसफसून उतू गेलं, पातेल्यावरून ओघळत स्टोव्हवर पडलं. करपल्याचा वास घरभर झाला. ज्योत फडफडली. अक्का पदराचं टोक मुठीत धरून माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली. तिच्या तोंडात पाणी नव्हतं, तरी ओठ जरासुद्धा हलले नाहीत.

"थांबतो," मी म्हणालो. "तो माणूस थांबतो."

मग तिने पातेलं खाली उतरवलं.